ऊसतोड दांपत्याचा हिशेब : स्थलांतरित जोडपे स्वावलंबी आहे हे कसे ठरवावे?

धर्मग्रामातील गरजूंना साहाय्य करणाऱ्या मंडळींपुढे दर हिवाळ्यात एक प्रश्न उभा राहतो. कामासाठी बाहेरगावाहून आलेले एखादे जोडपे मुलाच्या औषधासाठी, पांघरुणासाठी किंवा गावी परतण्याच्या भाड्यासाठी दाराशी येते. साहाय्य द्यावे की नाही आणि द्यावे तर किती, याचा विचार चालू असताना कोणीतरी विचारते, "दोघेही कमावते आहेत ना? मग त्यांचे भागत का नाही?" हा प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. मदतीचा पैसा भाविकांच्या दानातून येतो आणि तो विवेकानेच खर्च झाला पाहिजे. संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासद घरभेटीला जोडीने जातात आणि परिस्थिती डोळ्यांनी पाहूनच शिफारस करतात, ती पद्धत याच विवेकातून आलेली आहे. परंतु उसाच्या फडावर राबणाऱ्या जोडप्याची मिळकत पगारदार माणसाच्या मिळकतीसारखी मोजू लागलो, तर उत्तर हमखास चुकते. म्हणून आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब आम्ही थोडा सविस्तर मांडत आहोत.

घोड नदीवरील डिंभे धरणाचे पाणी मिळाल्यापासून मंचर, अवसरी, पारगाव या पट्ट्यात उसाची शेती वाढली. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यात, पारगावजवळ दत्तात्रयनगर येथे आहे. महसुली दप्तरात त्या गावाचे नावच 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक' असे लागते. ऊस इथला असला, तरी तो तोडणारे हात बहुतांशी इथले नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि इतर कोरडवाहू भागांतून टोळ्या ट्रकने व ट्रॅक्टरने येतात, तळावर पाचटाच्या कोप्या उभारतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तेथेच संसार मांडतात.

आपल्या दृष्टीने या प्रवासाला आणखी एक अर्थ आहे. बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, अहिल्यानगर जिल्हा नाशिक धर्मप्रांतात आणि पुणे जिल्हा पुणे धर्मप्रांतात. म्हणजे या टोळ्यांत येणारे कॅथलिक कुटुंब वर्षातून दोनदा धर्मप्रांताची सीमा ओलांडते. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्या माणसांत असणारे दांपत्य दोन महिन्यांनी अशा गावी असते, जिथे त्याला नावाने ओळखणारा एकही धर्मगुरू नाही. अशा वेळी 'हे आपल्या धर्मग्रामाचे नव्हेत' हा शेरा सहज मारला जातो. ख्रिस्तसभेची कायदेसंहिता, म्हणजे १९८३ चा कॅनन लॉ, असे म्हणत नाही. कलम १०२ नुसार एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत किमान तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेला भाविक तेथील अर्धनिवासी ठरतो, आणि कलम १०७ नुसार त्या अर्धनिवासामुळे तेथील धर्मगुरू त्याचा स्वतःचा धर्मगुरू होतो. उसाचा हंगाम साधारण चार ते पाच महिन्यांचा असतो. म्हणजे दिवाळीनंतर आलेले जोडपे हंगाम संपेपर्यंत आपल्या धर्मग्रामाचेच असते. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून पाहणे आपल्याला सोयीचे असेल, पण नियमाला धरून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्थलांतरित दांपत्य स्वतःचा चरितार्थ चालवू शकते किंवा नाही, हे ठरवण्याची एक रीत जगभर रूढ आहे : वर्षाची मिळकत विचारायची आणि ती एका ठरीव आकड्यापेक्षा जास्त आहे की कमी ते पाहायचे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्याला परदेशातील जोडीदारास बोलावून घ्यायचे, तर २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड मिळकत दाखवावी लागे, आणि एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती मर्यादा २९,००० पौंड झाली. आखाती देशांत कुटुंब नेऊ पाहणाऱ्या आपल्या अनेक भाविकांनीही पगाराच्या दाखल्याची ही कसोटी पार केलेली आहे. महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार जमा होणाऱ्या माणसासाठी या रीतीला काही अर्थ तरी आहे. फडावरच्या माणसाला ती लावली, तर ती निरर्थक होते. कारण त्याची मिळकत हाती येण्यापूर्वीच खर्च झालेली असते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी 'कोयता' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. फडावर कोयता म्हणजे केवळ ऊस तोडण्याचे हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' होतो. एकटा आला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम टोळी बांधतो ती कोयत्यांच्या हिशेबाने, आणि उचल देतो तीही कोयत्यावर. उचल म्हणजे हंगामापूर्वी, पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आसपास, कामाच्या बदल्यात आगाऊ दिलेली रक्कम. ती पन्नास हजारांपासून लाखापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असते. पुढे दांपत्य जो ऊस तोडते त्याच्या मजुरीतून ही रक्कम वळती होते. हंगामात पोटापाण्यासाठी आठवड्याच्या बाजाराला जी खर्ची मिळते, तीही त्याच खात्यावर मांडली जाते.

तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारान्वये ३४ टक्क्यांनी वाढला. पूर्वी टनाला सुमारे २७३ रुपये मिळत, ते सुमारे ३६६ झाले. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे आणि ती मिळवण्यासाठी कामगार संघटनांना संप करावा लागला, हे विसरता येणार नाही. तरीही आकडा जवळून पाहू. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरतो. दोन टन धरले तर दिवसाचे ७३२ रुपये होतात. माणशी ३६६ रुपये. पहाटे अंधारात सुरू झालेले आणि गाडी रात्री आली तर रात्रीपर्यंत लांबलेले हे काम आहे.

उदाहरणादाखल एक दांपत्य घ्या. उचल ८०,००० रुपये. हंगाम १२० दिवसांचा, म्हणजे सुमारे सतरा आठवड्यांचा. दर आठवड्याला खर्ची फक्त १,२०० रुपये. एकही दिवस न चुकता, रोज दोन टन तोडले तर २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. नावावर मात्र उचल आणि खर्ची मिळून १,००,४०० रुपये असतात. म्हणजे अखंड राबूनही १२,५६० रुपये फिरायचे राहतात आणि पुढच्या वर्षीच्या खात्यात जातात. हंगाम १५० दिवस चालला तर ३०० टनांचे १,०९,८०० रुपये होतील, बावीस आठवड्यांची खर्ची धरून देणे १,०६,४०० होईल, आणि ३,४०० रुपये हाती पडतील. पाच महिन्यांच्या शेवटी दोघांच्या श्रमाची ही शिल्लक. आजारपणाचा एकही खाडा या हिशेबात आम्ही धरलेला नाही. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि काही टोळ्यांत वर दंडही कापला जातो.

हंगाम किती दिवस चालेल हे त्या दांपत्याच्या हाती नसते. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात विक्रमी ऊस होता. राज्याने सुमारे १३७ लाख टन साखर तयार केली आणि काही ठिकाणी गाळप जूनपर्यंत चालले. २०२४-२५ मध्ये हंगाम उशिरा सुरू झाला, बहुतेक कारखाने मार्चच्या मध्यापर्यंतच बंद झाले आणि साखर सुमारे ८१ लाख टनांवर थांबली. दोन्ही वर्षांत तेच जोडपे, तोच कोयता, तेवढेच कष्ट. एका वर्षी ते आपल्याला स्वावलंबी दिसेल आणि दुसऱ्या वर्षी कर्जबाजारी. तोडणी यंत्रांसाठी शासनाने २०२३ मध्ये अनुदान योजना आणल्यापासून आणखी एक चिंता आहे. यंत्र सपाट, सलग फडात चालते. वाकडातिकडा, पडलेला ऊस माणसांच्या वाट्याला उरतो आणि तिथे दिवसाला दोन टन पडत नाहीत.

थोडी रोकड वाढ्यांतून येते. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, जनावरांच्या वैरणीसाठी शेतकरी विकत घेतात. अनेक घरांतील मीठ-मिरची या पैशावर चालते. घरभेटीत याविषयी विचारले, तर ते लोक मोकळेपणाने सांगतात. या पैशावर मुकादमाची वही चालत नाही.

"पण मोबाईल तर दोघांकडे आहे, आणि मोटारसायकलही." हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. ज्याचे घर दोनशे किलोमीटर दूर आहे आणि म्हातारे आईवडील व शाळकरी मूल तिकडे मागे राहिले आहे, त्याच्यासाठी मोबाईल ही चैन नाही. दारूविषयी मात्र गप्प बसणे योग्य होणार नाही. फडावर दारू आहे, तिने संसार मोडतात, आणि त्याची झळ बहुधा कोयत्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला, म्हणजे बायकोला, लागते. तरीही वरच्या हिशेबात दारूचा एक रुपयाही नाही आणि तो तरीसुद्धा जुळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बायकोचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबू. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती दिली जाते, सही किंवा अंगठाही त्याचाच असतो. श्रम दोघांचे, खाते एकाचे. ती गरोदर असो वा आजारी, तिने काम सोडले की तो अर्धा कोयता होतो आणि उचल फिटण्याचे दिवस दुपटीने वाढतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. कारणे अनेक आहेत आणि त्यांत काही डॉक्टरांचा लोभही आहे. परंतु खाडा पडू नये ही भीती त्यांतले एक कारण होते, हे त्या स्त्रियांनीच सांगितले आहे. शस्त्रक्रियेचा खर्चही पुन्हा उचलीतून होतो. लेकराचेही तसेच. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, आणि बांधावर झोपवलेल्या लहान मुलांवर हल्ले झालेले आहेत. फडात नेलेल्या तान्ह्या मुलावर कोणी तरी डोळा ठेवावाच लागतो. आईने ठेवला तर टन कमी पडतात. थोरल्या बहिणीने ठेवला तर तिची शाळा सुटते.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे ते पाहणे उचित होईल. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात मजुरीविषयी जे लिहिले, त्याचा आशय असा की मालक आणि मजूर यांनी आपसांत ठरवलेली मजुरी केवळ तेवढ्यानेच न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी मजुराने कमी मजुरी कबूल केली तर त्याच्यावर अन्याय झालेला असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' मध्ये आणखी पुढे जाऊन कुटुंबाचे पोषण होईल आणि त्याच्या भविष्याची तरतूद होईल असे वेतन हीच व्यवस्थेच्या न्याय्यतेची कसोटी ठरवली. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेण्याचे कारण सांगताना 'रेरुम नोव्हारुम'चेच स्मरण केले. ही कसोटी लावली, तर "हे दांपत्य स्वावलंबी आहे का?" या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडावा लागतो : दोघांच्या पूर्ण श्रमाला मिळणारी मजुरी कुटुंब पोसण्याजोगी आहे का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आले, तर दोष दांपत्याच्या माथी मारण्यापूर्वी दुसऱ्याचे उत्तर पाहावे. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी हा अनुवादाच्या पुस्तकातील नियम, आणि शेते कापणाऱ्यांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी संत याकोबाने आपल्या पत्रात दिलेला कडक इशारा, हे दोन्ही उतारे फडावर वाचून पाहण्यासारखे आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांत एक स्थलांतरित दांपत्य भेटते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांना क्लौद्य कैसराच्या हुकमामुळे रोम सोडावे लागले. करिंथमध्ये त्यांनी तंबू करण्याचा आपला धंदा पुन्हा मांडला आणि संत पौलाला त्यात सामील करून घेतले. ते परक्या शहरातही स्वतःच्या पायांवर उभे राहू शकले, कारण हत्यार, कसब आणि मिळकत त्यांची स्वतःची होती. आपल्या ऊसतोड दांपत्याकडे कसब आहे, कोयताही स्वतःचा असतो. मिळकत मात्र आधीच दुसऱ्याच्या वहीत गेलेली असते.

मग घरभेटीत विचारावे काय? वर्षाला किती मिळतात, हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी उचल किती घेतली आणि ती कशासाठी गेली, हे विचारावे. लग्न, आजारपण, घराचे पत्रे, जुनी थकबाकी, यांपैकी कशासाठी ती गेली त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. मागील हंगामाची बाकी यंदाच्या खात्यात आली आहे का आणि ती सलग कितवे वर्ष येत आहे? आमच्या मते सगळ्यांत बोलके उत्तर याच प्रश्नाचे असते. सलग तीन वर्षे बाकी चढत असेल, तर त्या दांपत्याला हजार-पाचशेची मदत पुरणार नाही. त्यांचे खातेच तपासून घेतले पाहिजे. वहीची प्रत त्यांच्याकडे आहे का, टनांच्या पावत्या ते ठेवतात का, हेही पाहावे. कोऱ्या मुद्रांकावर सही झाली असेल, किंवा उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येणार नाही अशी सक्ती होत असेल, तर वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा लागू होऊ शकतो आणि तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे नेता येते. सगळेच मुकादम लुबाडणारे असतात असे नाही. उचल बुडवून पळालेल्या कोयत्यांमुळे स्वतः कर्जात बुडालेले मुकादमही आहेत.

शिधापत्रिकेची चौकशी अवश्य करावी. शिधापत्रिकेच्या पोर्टेबिलिटीमुळे बीडच्या कार्डावर आंबेगावातील रास्त भाव दुकानात धान्य घेता येते, आणि प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. चौघांच्या कुटुंबाचे महिन्याचे वीस किलो धान्य इथे मिळू लागले, तर आठवड्याची खर्ची लक्षणीय कमी होते, आणि तेवढीच वहीतील बाकीही. यासाठी आधार जोडणी आणि दुकानदाराची थोडी मनधरणी लागते. एखाद्या सभासदाने सोबत जाणे पुरेसे ठरते. मुलांसाठी गावच्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड आणले आहे का ते विचारावे. त्यावर येथील शाळेत मध्येच प्रवेश मिळतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकाकडून मिळणारे ओळखपत्र त्यांच्याकडे आहे का, हेही पाहावे.

विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुणांबाबत धर्मगुरूंनी अधिक सावध असावे, असे आम्हांस वाटते. अर्ध्या कोयत्याला कमी उचल मिळते आणि पूर्ण कोयत्याला जास्त, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्न उरकण्याची घाई होते. कायद्याने मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण असावे लागते, आणि वयाचा दाखला पाहिल्याशिवाय विवाहसंस्काराची तारीख देता कामा नये. परंतु वय पुरे असले तरी आणखी एक गोष्ट विचारावी : लग्नाचा खर्च उचलीतून होणार आहे का? तसे असेल, तर जी मुलगी अद्याप त्या घरात आलेलीच नाही, तिचे पुढच्या हंगामाचे श्रम आधीच विकले गेलेले असतात. मंडप लहान केला, जेवणावळ टाळली आणि उचल निम्म्यावर आणली, तर त्या नव्या संसाराला हंगामाच्या शेवटी काही शिल्लक राहू शकते. हे समजावून सांगण्याची जागा विवाहपूर्व शिबिर हीच आहे.

कारखान्याचा पट्टा पडण्याच्या सुमारास वहीचा हिशेब होतो. त्या दिवशी टनांच्या पावत्या बेरजा करून पाहणारा एखादा साक्षर माणूस धर्मग्रामातून दांपत्याशेजारी जाऊन बसावा, आणि निघालेली बाकी किंवा शिल्लक कागदावर लिहून त्याची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. दुसरी प्रत दांपत्याच्या संमतीने त्यांच्या मूळ धर्मग्रामाच्या धर्मगुरूंकडे चार ओळींच्या पत्रासह पाठवावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मुकादम उचल घेऊन दाराशी येईल, तेव्हा ती किती घ्यावी हे ठरवताना तो कागद त्यांच्यासमोर असेल.